आंघोळ घालूनही कुत्र्याला वास येतोय? आधी बादली बाजूला ठेवा

गणपतीचे दिवस आले की माझा फोन वाजायला लागतो. मुंबईहून चाकरमानी उतरलेले असतात, सोबत शिह त्झू नाहीतर पॉमेरेनियन. पहिल्या दिवशी त्याचं कोण कौतुक! तिसऱ्या दिवशी घरातली आजी फर्मान सोडते, "ह्येच्या अंगाक वास मारता, ह्येका आधी खळ्यात बांधा." मग मला फोन: "काकी, काल आंघोळ घातली, आज परत घातली, तरी वास जात नाही. कुठला शाम्पू आणू?"

कुठलाच आणू नका. दोन दिवसांत दोन आंघोळी झाल्यात, तिसरीने वास आणखी वाढेल.

मी डॉक्टर नाही. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहते, घरची दोन कुत्री आहेत, आणि लोक लग्नाकार्याला गेले की त्यांची छोटी कुत्री माझ्या पडवीत मुक्कामाला असतात. बारा वर्षांत हे एकच दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की नवीन पाहुणा आला की मी आधी वाकून त्याचा वास घेते, नाव नंतर विचारते. सांगायचं ते एवढंच आहे, की वास नेमका कुठून येतो ते सापडेपर्यंत कुत्र्याला पाणी लावू नका. इथे जून ते सप्टेंबर साधा टॉवेल वलणीवर दोन-दोन दिवस ओला राहतो. मग पॉमेरेनियनच्या अंगावरचे दाट, दुहेरी केस कुठून वाळणार? आत ओल राहिली की कातडीवरचे जंतू आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, फोफावतात आणि वास वाढतो. आपण पुन्हा न्हाऊ घालतो. असं ते चालूच राहतं.

आधी वास ओळखा

कुत्रं मांडीवर घ्या आणि नाक लावा. लाजू नका, डॉक्टरही हेच करतात.

- सगळ्या अंगाला कुबट वास, पावसात राहिलेल्या गोधडीसारखा. बहुतेक वेळा ओल, नाहीतर अंथरूण.
- कानाजवळ आंबलेल्या पिठासारखा, जरा गोडसर. सोबत डोकं झटकणं, कान खाजवणं.
- पंजांना भाजलेल्या मक्याच्या कणसासारखा. थोडा असला तर तो कुत्र्याच्या पायाचा स्वतःचाच वास आहे, सोडून द्या. पण सारखे पंजे चाटत असेल आणि बोटांमध्ये लाल दिसत असेल तर सोडू नका.
- जांभई दिली की आपण मागे सरकतो. दात.
- एकदम, कुठून आला कळत नाही असा झणझणीत वशाट वास. थोड्या वेळाने कमी होतो, कुत्रं बूड जमिनीवर घासत जातं. शेपटीखालच्या ग्रंथी.
- रात्री खोलीत वारंवार वारा सरतो. खाणं.
- अंगावर एकाच जागी सडका वास, केस ओलसर चिकट, माशा घोंगावतात. असं असेल तर मधलं सगळं सोडा, थेट शेवटच्या भागावर जा.

१. कुत्र्याआधी त्याचं सामान

याला एक पैसा लागत नाही, म्हणून हे पहिलं. कुत्र्याला अर्धा तास दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याची गादी, पट्टा, खेळणी एकेक हुंगून बघा.

एका पगचे मालक माझ्याकडे तिसरा शाम्पू घेऊन आले होते. पग स्वच्छ होता. मी त्याचा कापडी पट्टा काढला आणि कढत पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून पातेल्यात भिजत घातला. दहा मिनिटांत पाण्याला कोऱ्या चहाचा रंग. आठ महिने तो पट्टा गळ्यातून निघाला नव्हता. समुद्राचं पाणी, पाऊस, लाळ, सगळं त्याने पिऊन ठेवलेलं. दर आंघोळीनंतर तोच पट्टा स्वच्छ मानेला बांधला जायचा.

फोमची गादी कोकणात घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. वरून वाळते, आतून कधीच वाळत नाही. जुनी सुती साडी चौपदरी घडी करून घाला, दोन घड्या आळीपाळीने वापरा. ऊन नसेल तर धुतलेल्या घडीवरून गरम इस्त्री फिरवा. शाळेचे गणवेश आपण असेच वाळवतो ना?

२. वरून कोरडं, आतून ओलं

हाताचा तळवा पाठीवरून फिरवू नका, तो फसवतो. मानेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी आणि काखेत बोट केसांतून आत घाला, पार कातडीपर्यंत. बोटाला गार लागलं तर कुत्रं अजून ओलं आहे.

हे मी माझ्या चिंगीवर शिकले. पॉमेरेनियन, पांढरी. एका श्रावणात रापणीच्या जागी वाळूत पडलेल्या माशांत लोळून आली म्हणून आठवड्यात तीनदा न्हाऊ घातली. दर वेळी वीज गेलेली, पंख्याखाली वाळवायचीही सोय नाही. चौथ्या दिवशी कमरेजवळ हाताला चिकट लागलं. केस बाजूला केले तर रुपयाएवढी लालबुंद, पाणी सुटलेली जागा, आणि वास म्हणाल तर माशांपेक्षा वाईट. डॉक्टरांनी केस कापले, औषध दिलं, आणि मला विचारलं, "हिला वाळवत होतात की नुसती भिजवत होतात?"

तेव्हापासून नियम असा: पाऊस-पाण्यातून आलं की आधी सुती पंचाने दाबून पाणी टिपायचं. खसाखसा चोळलं तर केसांच्या गाठी होतात. मग दुसरा कोरडा पंचा. मग पंखा, किंवा ड्रायर असेल तर गार हवेवर, केस उलट्या दिशेने उकलत. चुलीजवळ बसवून शेकू नका, कातडी भाजते आणि कुत्र्याला धाप लागते.

गाठींचंही इथेच बघा. कानामागे आणि काखेत केसांच्या जटा झाल्या असतील तर त्या स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात. आंघोळीआधी विंचरायचं, कारण ओली जट आणखी आवळते. जट कातडीला चिकटली असेल तर घरच्या कात्रीने कापायला जाऊ नका. कातडी जटेबरोबर वर ओढली जाते आणि कधी कापली गेली ते कळतही नाही. आणि "पावसाळ्यापुरता गोटा करून टाकू का?" असं पॉमबद्दल विचारणाऱ्यांना माझं उत्तर नेहमी नाही. त्या जातीत पुरता भादरलेला कोट कधीकधी पूर्ववत येतच नाही.

३. पंजे, पोट, सुरकुत्या

छोट्या कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर. आपले पाय भिजतात तिथे त्याचं पोट भिजतं. फिरून आल्यावर साध्या पाण्याने पंजे आणि पोट धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पावसाळ्यात रोज एवढं केलं तर आख्ख्या आंघोळीची पाळी क्वचितच येते.

पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसत असतील तर ती आपली जांभ्याची माती की लाळ, हे ओळखायला सोपं आहे. माती पाण्याने जाते. चाटून पडलेला तांबूस डाग धुऊन जात नाही. तो दिसला म्हणजे कुत्रं तिथे खाजतंय म्हणून चाटतंय, आणि वासाचं मूळ तिथे असू शकतं.

पगच्या नाकावरची घडी उघडून आत सुका कापूस फिरवा. कापूस पिवळा-तपकिरी निघाला तर रोज पुसायचं, आणि पुसल्यावर कोरडं करायचं. पावडर नको, ती ओलीत कालवली जाऊन पीठ बनते. नर असेल तर पोटाखालचे लांब केस बघा. लघवीने भिजून भिजून तिथेच वास धरतात, आखूड ठेवले की प्रश्न मिटतो.

४. दाढी आणि दात

शिह त्झू, ल्हासा यांना दाढी असते. बांगड्याची आमटी आणि भात खाल्ला की त्यातला पाव हिस्सा दाढीत. आजीने प्रेमाने भरवलं, दाढी कुणी पुसली नाही, की दुसऱ्या दिवशी तीच आजी नाक धरते. जेवणानंतर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने.

दाढी स्वच्छ असूनही वास असेल तर ओठ वर करून मागचे वरचे दात बघा, दोन्ही बाजूंचे. सगळ्यात मोठ्या दातावर तपकिरी, खडबडीत थर आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली तर वासाचं मूळ सापडलं. कुत्र्याला मोठेपणी ४२ दात येतात, मग ते ग्रेट डेन असो की मुठीएवढं चिहुआहुआ. छोट्या जबड्यात त्यांची दाटी होते, फटीत अन्न अडकतं, म्हणून छोट्या जातींचे दात लवकर खराब होतात. पिल्लू सात महिन्यांचं होऊनही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याच्या शेजारी तसाच उभा असेल तर तोही दाखवून घ्या.

थर नसेल तर कुत्र्यांची टूथपेस्ट आणि बोटावर घालायचा ब्रश आणा, रोज एक मिनिट. आपली पेस्ट चालत नाही. कुत्रं चूळ भरत नाही, गिळतं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी आहे. आणि थर दगडासारखा घट्ट झाला असेल तर ब्रशने निघणार नाही. नखाने खरवडूही नका. ते काम भूल देऊन करायचं असतं. चाकरमान्यांना मी सांगते, परत गेल्यावर मुंबईत करून घ्या. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतंच.

डोळ्याखाली गालावर सूज दिसली तर मात्र परत जाण्याची वाट बघू नका. वरच्या मोठ्या दाताच्या मुळाशी पू झाला की सूज तिथे येते. लोक डोळ्याचं औषध घालत बसतात.

५. कान

कान उलटा करा, बघा, हुंगा. गुलाबी आणि जवळजवळ बिनवासाचा असेल तर हात लावू नका. चांगल्या कानाला सारखं साफ करूनही बिघाड होतो.

तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल, पण कुत्रं हात लावू देत असेल, तर औषधाच्या दुकानातून कुत्र्यांचं इयर क्लीनर आणा. कानात सोडा, मुळाशी हलकेच चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेलं कापसाने टिपा. काडी आत घालायची नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते, त्यामुळे काडीने मळ त्या वळणात ठासला जातो. खोबरेल तेलही नको. लोंबत्या कानाच्या आत आधीच हवा जात नाही, त्यात तेल म्हणजे यीस्टला आयतं घर.

कान लाल आहे, पू येतोय, हात लावताच केकाटतं, किंवा मान एका बाजूला कलती धरतं, यातलं काहीही असेल तर थांबा. क्लीनरही घालू नका. पडदा फाटलेला असू शकतो आणि अशा कानात चुकीचे थेंब गेले तर ऐकू येणंच जाऊ शकतं. मागच्या वेळची उरलेली बाटलीसुद्धा नको.

६. पोटात काय जातंय

मुंबईत वर्षभर कोरडं पॅकेटचं खाणारं कुत्रं गावात आलं की सकाळी दूध, दुपारी माशाचं डोकं, संध्याकाळी मोदकाचं सारण. मग वारा सरला तर त्याचा काय दोष? पिल्लूपण सरलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. पहिलं दूध बंद करा आणि तीन दिवस थांबा, निम्म्या घरांत एवढ्यावर भागतं. खाणं बदलायचंच असेल तर हळूहळू, आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. पग आणि शिह त्झू चपट्या तोंडाचे, घाईत खाताना हवाही गिळतात. त्यांना पसरट ताटलीत थोडं थोडं वाढा.

सुकट-सुके बांगडे नकोत, मीठ फार असतं. कांदा-लसणाची आमटी तर मुळीच नको, त्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं.

७. बांगडा की ग्रंथी?

मुंबईत कुत्र्याला माशाचा वास आला की डॉक्टर लगेच त्याची शेपूट वर करून ग्रंथी बघतात. आपल्याकडे तसं नाही, कुत्रं खरोखरच माशात लोळून आलेलं असू शकतं. मी असं ओळखते: कुत्रं जिथे बसलं होतं ती घडी हुंगायची. वास मान आणि खांद्याच्या जागी असेल तर मासा, कारण कुत्रं खांदा टेकून लोळतं. बुडाच्या जागी एखादा तपकिरी थेंब आणि तिथेच वास असेल तर ग्रंथी.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात तिथे, वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. घट्ट शी झाली की त्या आपोआप दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. शी पातळ होत राहिली की तुंबतात, म्हणजे सहावा मुद्दा इथे येऊन भिडतो. घाबरल्यावरही त्या एकदम सुटतात. विसर्जनाला फटाक्यांची माळ लागली आणि मांडीवरच्या कुत्र्याने नव्या पैठणीवर प्रसाद दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो आजार नव्हे. पुसून घ्या, त्याला आतल्या खोलीत नेऊन बसा.

सारखं बूड घासत असेल तर आठवडाभर जेवणात चमचाभर उकडलेला लाल भोपळा, बिनमीठ, देऊन बघा. शी बांधली गेली की काहींचं तेवढ्याने थांबतं. ग्रंथी स्वतः पिळायला जाऊ नका. व्हिडिओत सोपं दिसतं, पण चुकीच्या जागी दाबलं तर पिशवी आतल्या आत दुखावते. एका बाजूला सूज, रक्त, किंवा शी करताना रडणं, ही डॉक्टरचीच कामं.

८. आता आंघोळ

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा खरोखर मासाच निघाला, तर बादली भरा. हे शेवटी ठेवलं कारण नीट करायचं तर दोन तास मोडतात. सकाळी, वीज असताना, विंचरून झाल्यावर. कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साधारण साडेपाच, कुत्र्याची त्याहून कमी आम्लीय, म्हणून आपला शाम्पू आणि अंगाचा साबण तिची आब घालवतो. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो फेसासकट दहा मिनिटं अंगावर राहायला हवा. घड्याळ लावा. अंदाजाने दहा मिनिटं म्हणजे खरी तीन असतात. मग केसांतून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं आणि वर सांगितलं तसं वाळवायचं, बोट आत घालून खात्री होईपर्यंत.

निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरे. समुद्रात गेलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने मीठ काढा, दर वेळी शाम्पू नको.

फिनेल, कापूर घातलेलं तेल, टी ट्री तेल, अत्तर, लिंबू यातलं काहीही अंगाला लावू नका. चार किलोचं कुत्रं अंगावरचं सगळं चाटतं. कापूर आणि टी ट्री तर थोडेही विषारी ठरतात.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

सडका वास एकाच जागेवरून आणि माशा: जखमेत अळ्या पडल्यात असं समजा. पावसाळ्यात माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात, आणि केसाळ कुत्र्यात त्या दिसेपर्यंत भोक खोल गेलेलं असतं. रॉकेल, फिनेल ओतू नका. त्याच दिवशी न्या.

मादीची नसबंदी झालेली नाही, माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, आता पाणी फार पिते, मलूल आहे, मागून घाण वासाचा स्राव येतोय: गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ही रात्र काढायची गोष्ट नाही. कधीकधी स्राव बाहेर येतच नाही, तेव्हा ते आणखी धोक्याचं असतं.

पिल्लाला दुर्गंधीची रक्ताची हगवण आणि उलट्या: लगेच.

तोंडाला लघवीसारखा किंवा विचित्र गोड वास, सोबत पाणी पिणं वाढलंय, वजन उतरतंय: मूत्रपिंड किंवा साखर तपासायला हवी, दात घासून काही होणार नाही.

कातडी तेलकट, जाड, काळपट होत चाललीय, खाज थांबत नाही, आणि नीट वाळवलेल्या आंघोळीनंतरही तीन दिवसांत तोच वास परत: ॲलर्जी, थायरॉइड असं काहीतरी खाली असू शकतं. त्यावर महिनोन् महिने शाम्पूचे पैसे घालवू नका.

आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे गुरांचा डॉक्टर, तो कुत्रं कुठे बघणार, असं लोक धरून चालतात. अहो, बघतात. जाण्याआधी फोन करा, कारण ते गावोगाव फिरतीवर असतात. आणि ज्या दिवशी न्यायचं त्या दिवशी, लाज वाटली तरी, कुत्र्याला आंघोळ घालू नका, कान पुसू नका, अत्तर फवारू नका. डॉक्टरांना तो वास घ्यायचा असतो, आणि कानातला मळ काचेवर घेऊन बघायचा असतो. मी एकदा चिंगीला चकाचक करून नेली होती. त्यांनी कान बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चार दिवसांनी या. घाण घेऊन या."